डोंगर दरवर्षी जळतो, मग त्याची बातमी का होत नाही? मुळशीचा वणवा आणि तीन मोठ्या आगींचे धडे

फेब्रुवारी संपत आला की पुणे–पौड रस्त्यावरून रात्री जाताना डोंगरावर एक लाल रेघ सरकताना दिसते. पिरंगुटच्या पुढे, कासार आंबोलीच्या आसपास, पौडच्या खोऱ्यात किंवा ताम्हिणीकडे जाताना, कधी या कुशीला तर कधी त्या. गाडी थांबवून कुणीतरी व्हिडिओ काढतं, स्टोरी टाकतं. खाली रडणारे इमोजी येतात, ‘वनखातं झोपलंय का?’ अशी एखादी कमेंट येते. सकाळी डोंगर काळा दिसतो. जूनमध्ये पाऊस पडतो, जुलैमध्ये तोच डोंगर हिरवागार होतो आणि त्याच जागेवर आपण धबधब्याचं रील बनवतो.

म्हणजे सगळं ठीक आहे का? डोंगर जळला, पुन्हा हिरवा झाला, विषय संपला?

इथेच खरी गोम आहे. जगभरात जंगलांच्या आगीबाबतची धोरणं बदलली ती मोठ्या दुर्घटनांनंतर. माणसं मेली, गावं जळली, सरकारं हादरली, मग नियम झाले. मुळशीच्या वणव्यात एका रात्रीत असं काही होत नाही. इथलं नुकसान हप्त्याहप्त्याने होतं. म्हणून त्याची बातमी होत नाही आणि बातमी होत नाही म्हणून धोरणही होत नाही. हे समजून घ्यायचं तर आधी आपला वणवा पाहू आणि मग इतिहासातल्या तीन आगी.

वणवा लागतो की लावला जातो?

शाळेत आपण वाचलेलं असतं की बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते. प्रत्यक्षात भारतातल्या बहुतेक सगळ्या जंगल-आगींच्या मागे माणूस असतो, कधी मुद्दाम, कधी निष्काळजीपणाने. सह्याद्रीत उन्हाळी विजा साधारणपणे वळवाच्या पावसासोबत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निरभ्र आकाशाखाली डोंगर पेटतो, तेव्हा ढगांकडे बोट दाखवता येत नाही.

कारणं अनेक आहेत. ‘जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं’ हा समज सगळ्यात जुना. बांधावरचा कचरा पेटवला आणि वाऱ्याने आग वर चढली, हेही नेहमीचं. प्लॉट साफ करायला काडी लावणं हा झटपट आणि फुकटचा उपाय ठरतो. मध गोळा करताना, शिकारीसाठी रान मोकळं करताना आग लावली जाते. आणि पर्यटक आहेतच. अर्धवट विझवलेली चूल, फेकलेलं सिगारेटचं थोटूक.

भातपट्ट्यातलं आणखी एक कारण म्हणजे राब. मुळशी, मावळ, वेल्हे आणि कोकणात भाताचं रोप करायच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचून ते भाजतात. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. राब नीट राखणीत भाजला तर तो वावरातच राहतो. भर दुपारी, वारा सुटलेला असताना पेटवला तर डोंगर काही दूर नसतो.

यात एक नवी गोष्टही मिसळली आहे. पूर्वी पावसाळा संपल्यावर डोंगरावरचं गवत कापून जनावरांसाठी रचून ठेवलं जायचं. आता अनेक घरांत जनावरं कमी झाली, जमिनी विकल्या गेल्या, मालक शहरात राहायला गेले. गवत कापायला कुणी नाही, ते उभंच्या उभं वाळतं. म्हणजे डोंगरावर दरवर्षी ताजं सरपण तयार.

‘जळतं ते गवतच ना?’

हो, बहुतेक वेळा गवतच जळतं. म्हणूनच फसगत होते. गवताची आग पटकन पुढे सरकते. जाड सालीची मोठी झाडं बहुधा वाचतात. गवताची मुळं जमिनीत सुरक्षित असतात, त्यामुळे पावसानंतर ते पुन्हा उगवतं. ते जाळल्यामुळे उगवत नाही, तसंही उगवलंच असतं.

मरतात ती गुडघ्याएवढी रोपं. आदल्या पावसाळ्यात रुजलेलं जांभूळ, ऐन किंवा हिरड्याचं रोप पहिल्याच उन्हाळ्यात होरपळतं. काही रोपं मुळातून पुन्हा फुटतात, पण पुढच्या वर्षी पुन्हा जळतात. दहा वर्षं सलग असं झालं तर डोंगरावर जुनी झाडं तेवढी उरतात, त्यांच्या मागची पिढी तयारच होत नाही. म्हातारी झाडं एकेक करून पडतात आणि जंगलाचा माळ होतो. कुऱ्हाड न चालवता झालेली ही जंगलतोड आहे.

जमिनीवर घरटी करणारे लावे, टिटव्या, सरपटणारे प्राणी, कीटक, सशाची पिल्लं यांना पळायला वेळ मिळत नाही. गवतातला नत्र धुरासोबत उडून जातो. राखेतलं जे काही खत असतं ते उघड्या उतारावरून पहिल्या मोठ्या पावसात मातीसकट ओढ्यात जातं. मुळशीसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात हे नुकसान साधं नाही.

पहिली आग : १९१०, अमेरिका

२० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत अमेरिकेच्या आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. ८० हून अधिक माणसं मेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेले होते. ‘बिग बर्न’ म्हणून ही आग ओळखली जाते. अमेरिकेचं वनखातं तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं.

या धक्क्यातून जो धडा घेतला गेला तो सरळसोट होता : प्रत्येक आग शत्रू. १९३५ मध्ये तर नियमच झाला की आगीची खबर मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे. तिथले मूळ रहिवासी शतकानुशतकं छोट्या, नियंत्रित आगी लावून जंगल मोकळं ठेवत होते. ती पद्धतही गुन्हा ठरली.

परिणाम काही दशकांनी दिसला. छोट्या आगी थांबल्या, पण वाळलेली लाकडं, पाचोळा, दाट झुडपं साचत गेली. मग जेव्हा आग लागली तेव्हा ती कुणालाच आवरेना. १९७० च्या दशकात अमेरिकेला धोरण बदलावं लागलं. आता तिथे ठरवून, हवामान पाहून काही भागांत मुद्दाम आग लावली जाते.

‘मग वणवा चांगलाच की!’ – थांबा

हा मुद्दा सोशल मीडियावर हमखास येतो. ‘अमेरिकावाले स्वतः जंगल जाळतात, आपण उगाच रडतो.’ ऐकायला पटतं, पण यात एक मोठा फरक सुटतो. प्रश्न आग चांगली की वाईट हा नाही, ती किती वर्षांनी येते हा आहे.

अमेरिकेच्या त्या जंगलांत आग फार कमी वेळा येऊ दिली, म्हणून सरपण साचलं. सह्याद्रीच्या उतारांवर उलट आहे. इथे तोच डोंगर जवळपास दरवर्षी जळतो. साचायला काही उरतच नाही, वाढायलाही नाही. तिकडच्या जंगलाला आग कमी पडली, इकडच्या डोंगराला ती जास्त होते आहे. एकाच औषधाने दोन्ही रोग बरे होणार नाहीत.

आणि ठरवून लावलेली आग म्हणजे दुपारी काडी टाकून निघून जाणं नव्हे. त्यात आधी सीमा आखलेली असते, वाऱ्याचा अंदाज घेतलेला असतो, माणसं उभी असतात. आपल्याकडे वनखातं जाळरेषा घेतं ती हीच गोष्ट. हंगामाच्या आधी गवताचा लांब पट्टा कापून किंवा राखणीत जाळून मोकळा करायचा, म्हणजे आग आली तरी तिथे अडते.

दुसरी आग : १९२१, कुमाऊं

आता आपल्या देशात या. इंग्रजांनी जंगलं राखीव करायला सुरुवात केली तेव्हा आगबंदी हा त्यांच्या व्यवस्थेचा कणा होता. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचे प्रयोग झाले आणि मग ती पद्धत देशभर पसरली. लोकांच्या गरजेची आगही त्यात अपराध ठरू लागली.

आपल्याकडे याचा पहिला मोठा वाद राबावरूनच झाला. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची फांद्या तोडण्यावरून आणि राबावरून वनखात्याशी जुंपली. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राब हा त्यातला कळीचा विषय होता. त्याच काळात जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याच्या जाचावर लिहिलं.

आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये हा संघर्ष आणखी पुढे गेला. १९११ ते १९१७ दरम्यान तिथली प्रचंड जमीन राखीव जंगल म्हणून जाहीर झाली. चराई, लाकूड, पाला यांवर बंधनं आली. वर सरकारी अधिकाऱ्यांची ओझी फुकट वाहायची सक्ती होतीच. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला लोकांनी त्या वेठबिगारीविरुद्ध आंदोलन केलं आणि उन्हाळ्यात चिडाची जंगलं पेटली. त्यातल्या अनेक आगी लोकांनी मुद्दाम लावल्या होत्या. ज्या गावकऱ्यांनी एरवी आग विझवायला धावायचं, तेच आता लावत होते किंवा हात बांधून पाहत होते.

सरकारने त्याच वर्षी चौकशी समिती नेमली. तिने राखीव जंगलाचा मोठा भाग मोकळा करायची शिफारस केली. पुढे १९३१ मध्ये नियम झाले आणि गावांना आपलं जंगल सांभाळण्यासाठी वनपंचायती स्थापन करता येऊ लागल्या. आजही उत्तराखंडात हजारो वनपंचायती आहेत. याचा अर्थ तिथे आग लागत नाही असं नाही. २०१६ आणि २०२४ मध्येही उत्तराखंड मोठ्या प्रमाणावर जळालं. पण १९२१ ने एक गोष्ट कायमची दाखवून दिली : जंगल आपलं वाटत नसेल तर ते विझवायला कुणी येत नाही.

महाराष्ट्रात याची चांगली बाजूही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला उत्पन्न सुरू झालं. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, त्यामुळे जंगलाचं नुकसान होतं, असं म्हणून ग्रामसभेने तेंदूचं उत्पन्नच सोडून दिलं. मालकी मिळालेल्या गावाने आगीचा हिशेब स्वतः मांडला.

तिसरी आग : २०१८, कुरंगणी

११ मार्च २०१८, रविवार. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचे गट उतरत होते. चेन्नई आणि तिरुप्पूर-इरोड भागातून आलेली तरुण मंडळी, त्यात मुली जास्त. वाळलेल्या गवताला लागलेल्या आगीने त्यांना उतारावर गाठलं. हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. एकूण २३ जणांचा मृत्यू झाला.

पाहा, तिथेही जळत होतं ते गवतच.

यानंतर चौकशी झाली आणि त्याच वर्षी तमिळनाडूने ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियम केले. मार्गांचं वर्गीकरण, परवानगी, प्रशिक्षित मार्गदर्शक, आगीच्या हंगामात बंदी. २३ जीव गेल्यावर जे झालं ते आधी करणं अवघड नव्हतं.

शनिवार-रविवारी मुळशीच्या डोंगरांवर जाणाऱ्या प्रत्येकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. आग चढाला वेगाने पळते. उतार साधारण १० अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे आग खाली असेल तर वर धावू नका. आगीच्या वाटेतून आडवं सरका. खडक, ओढा, नांगरलेलं वावर किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठा. उंच गवतात आणि घळीत शिरू नका.

आपली यंत्रणा काय करते?

महाराष्ट्रात वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. त्याआधी जाळरेषा काढणं, हंगामी माणसं नेमणं ही कामं असतात. देशपातळीवर डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीच्या सूचना देते. आधीचा संवेदक एक किलोमीटरच्या चौकोनात आग टिपायचा, आताचा ३७५ मीटरच्या चौकोनात टिपतो. सूचना थेट मोबाइलवर जाते. यासाठी सामान्य नागरिकही नोंदणी करू शकतो. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातलं ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार लागणाऱ्या आगीच्या धोक्यात आहे.

पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. गवताचा उतार दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत जळून विझूही शकतो. शिवाय सूचना मिळाली तरी डोंगरावर पोचायचं माणसालाच आहे, आणि वनरक्षकाच्या वाट्याला येणारं क्षेत्र मोठं असतं. हातात बहुतेक वेळा पानांच्या ओल्या फांद्या, नाहीतर पाचोळा उडवणारा ब्लोअर.

कायदाही आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या जंगलातले चराईचे किंवा वनउपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. कलम ७९ नुसार जंगलावर हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. पण रात्री काडी कुणी लावली हे सिद्ध करणं सोपं नसतं. आणि मुळशीसारख्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे. डोंगराचा बराच भाग खासगी मालकीचा आहे. आग मालकी जमिनीत लागते आणि जंगलात शिरते. आगीला सातबारा वाचता येत नाही, यंत्रणा मात्र हद्द पाहूनच चालते.

मग मुळशीत काय करता येईल?

तिन्ही आगींचे धडे जोडले तर उत्तर बरंचसं स्पष्ट होतं. १९१० सांगते की नुसतं विझवत राहणं पुरत नाही, सरपणाचा विचार आधी करावा लागतो. १९२१ सांगते की गावाला बाजूला ठेवून हे होत नाही. २०१८ सांगते की माणसं मरायची वाट पाहू नका.

• गवत वाळायच्या आधी ते कापून वापरात आणणं हा पहिला उपाय. जनावरं नसतील तर जिथे आहेत तिथल्या लोकांना कापू द्यावं. रिकाम्या प्लॉटच्या मालकांना ग्रामपंचायतीने डिसेंबर-जानेवारीतच कडेचा पट्टा मोकळा करायला सांगावं.

• जाळरेषा वनहद्दीवर थांबू नये. गाव, खासगी जमीन आणि जंगल यांची एकत्र आखणी हवी. कुठून आग चढते हे गावातल्या गुराख्याला नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

• राबाला बंदी घालून भागणार नाही, तो प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी फसला आहे. गावाने वेळ ठरवावी : वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून, भोवतीचा पट्टा साफ करून, पाण्याची सोय ठेवून. ज्यांना बदल करायचा आहे त्यांच्यासाठी गादीवाफ्यावर, न भाजता रोप करायची पद्धत आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पाचा पाला आणि भाताचा पेंढा खत म्हणून वापरला जातो. कृषी खात्याने हे शिवारात दाखवून द्यायला हवं.

• आणि तुम्ही-आम्ही? आग दिसली तर आधी वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन, मग व्हिडिओ. जागा नीट सांगा : कुठल्या गावाच्या वर, कुठल्या बाजूला, आग कुठे सरकते आहे. सवय आणि माहितगार माणूस सोबत नसेल तर विझवायला वर चढू नका.

हिशेब कसा ठेवायचा?

वणव्याचं नुकसान मोजताना आपण जळालेले एकर मोजतो. मुळशीसाठी वेगळं मोजायला हवं : एखादा उतार सलग किती वर्षं जळाला नाही? एका जांभळाच्या रोपाला गवताच्या वर डोकं काढून जाड साल धरायला काही वर्षं लागतात. तेवढी वर्षं एका डोंगराला मिळाली तर तिथे जंगल परतायला लागतं. मुळशीतल्या देवरायांत अजून मोठी झाडं उभी आहेत, कारण तिथे काडी लावायची नाही हे पिढ्यान् पिढ्या गावांनी पाळलं.

प्रत्येक ग्रामसभेने जानेवारीत एक साधा ठराव केला तरी सुरुवात होईल : आपला अमुक उतार यंदा जळू द्यायचा नाही. पुढच्या वर्षी तोच उतार, त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. एखाद्या रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली नाही तर त्याचं रील होणार नाही, हे खरं. पण पाच वर्षांनी त्या उतारावर गुडघ्याच्या वर गेलेली झाडं मोजता येतील.